पोरांनी गावासाठी केलेलं काम पुरस्कारापर्यंत कसं पोहोचतं? नांदेड-लातूरच्या पालकांनी, शिक्षकांनी हे वाचाच

अर्धापूर तालुक्यातलं पार्डी आणि कंधार तालुक्यातलं घोडज. नांदेड जिल्ह्यातल्या या दोन गावांची नावं देशपातळीवरच्या पुरस्कारांच्या यादीत लागलेली आहेत. पार्डीच्या एजाज अब्दुल रऊफ नदाफ याला जानेवारी २०१८ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय बाल शौर्य पुरस्कार मिळाला. पाण्यात बुडणाऱ्या दोन मुलींना त्यानं वाचवलं होतं. घोडजच्या कामेश्वर जगन्नाथ वाघमारे याला २०२१ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार मिळाला, तोही शौर्यासाठीच. त्यानंही नदीत बुडणाऱ्या दोन मुलांना बाहेर काढलं होतं.

दोन्ही पोरं खेड्यातली आणि साध्या घरातली. दोघांचंही कौतुक व्हायलाच पाहिजे होतं आणि ते झालं.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. कामेश्वरला जो पुरस्कार मिळाला, तो फक्त शौर्यासाठी नसतो. समाजसेवा, पर्यावरण, कला व संस्कृती, क्रीडा, विज्ञान व तंत्रज्ञान यांसाठीही तोच पुरस्कार दिला जातो. म्हणजे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना अक्षरओळख शिकवणारी मुलगी, शाळेच्या आवारात झाडं जगवणारा मुलगा, पोवाडा किंवा लोकनृत्यात नाव काढणारी पोरं, हे सगळे त्यासाठी पात्र ठरू शकतात.

मग अडतं कुठं? कुणी जीव वाचवला तर त्याच दिवशी पंचक्रोशीत बोभाटा होतो. बातमी येते, तहसीलदार, पोलीस दखल घेतात, कागद आपोआप तयार होत जातात. वर्षभर गुपचूप चाललेल्या कामाची बातमी होत नाही. त्याचा कागद कुणीतरी मुद्दाम तयार करावा लागतो आणि अर्ज कुणीतरी मुद्दाम भरावा लागतो. तिथंच गाडी थांबते. काम असतं, पण नोंद नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या भागातल्या गावांत पुराचं पाणी शिरलं होतं. अशा वेळी बचाव पथक येईपर्यंत गावातलीच पोरं आधी धावतात. कुणी म्हाताऱ्यांना उचलून आणतं, कुणी जनावरं सोडतं, कुणी शाळेत जेवणाची सोय करतं. महिन्याभरानं विचारलं तर कुणी काय केलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही. म्हणून कोणते पुरस्कार असतात, ते कुणाला मिळतात आणि त्यासाठी आजपासून काय करायचं, हे एकेक करून समजून घेऊ.

शाळेतल्या मुलांसाठी काय आहे?

प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार : वय ५ ते १८ वर्षं. अर्ज फक्त ऑनलाईन, केंद्र सरकारच्या 'अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन' या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर. मूल स्वतःचं नाव स्वतः सुचवू शकतं. पालक, शिक्षक, शेजारी, सरपंच यांपैकी कुणीही नाव सुचवू शकतं. त्यासाठी आमदार-खासदाराची चिठ्ठी लागत नाही. गेल्या काही वर्षांत अर्जाची मुदत जुलैअखेरपर्यंत असते, कधी ती ऑगस्टपर्यंत वाढते. २०२४ पासून हा पुरस्कार २६ डिसेंबरला, वीर बाल दिवशी दिला जातो. हा दिवस गुरू गोविंदसिंगजींच्या साहिबजाद्यांच्या स्मृतीचा. ज्या गुरूंचं अखेरचं वास्तव्य नांदेडात झालं, त्यांच्या मुलांच्या नावानं असलेल्या या दिवशी नांदेडच्या पोरांची नावं यादीत असावीत, असं कुणालाही वाटेल.

इन्स्पायर अवॉर्ड मानक : सहावीपासूनच्या विद्यार्थ्यांसाठी. रोजच्या अडचणीवर नवीन काही सुचलं असेल, तर ती कल्पना शाळेमार्फत ऑनलाईन पाठवायची. निवड झाली तर मॉडेल बनवायला १० हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. इथं मोठमोठ्या यंत्रांची गरज नाही. हळद शिजवताना, सोयाबीनची रास करताना किंवा हातपंपावर पाणी भरताना घरच्यांना होणारा त्रास कमी करणारी साधी युक्तीही चालते. अट एकच, कल्पना मुलाची स्वतःची पाहिजे. इंटरनेटवरून उचललेली नको.

कला उत्सव : नववी ते बारावीच्या मुलांसाठी शिक्षण मंत्रालयाचा उपक्रम, २०१५ पासून सुरू. गायन, वादन, नृत्य, नाट्य, चित्र-शिल्प असे प्रकार. जिल्हा, राज्य आणि मग देश अशा पायऱ्या. किनवट-माहूर भागातली ढेमसा, दंडार यांसारखी आदिवासी नृत्यं, तांड्यावरची बंजारा गाणी, हलगी, वाघ्या-मुरळीची परंपरा हे सगळं आपल्या दोन जिल्ह्यांचं भांडवल आहे. पोरांना ते घरातच ऐकायला मिळतं, वेगळा क्लास लावायची गरज नाही.

चित्रकला ग्रेड परीक्षा : हा पुरस्कार नाही, पण उपयोग मोठा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा. इंटरमिजिएटच्या श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात. ए श्रेणीला ७, बी श्रेणीला ५, सी श्रेणीला ३. शास्त्रीय कला आणि लोककलेसाठीही दहावीला वाढीव गुणांची तरतूद आहे. मात्र त्याचा प्रस्ताव शाळेनं मुदतीत बोर्डाकडे पाठवावा लागतो. शाळा सुरू झाल्याबरोबर मुख्याध्यापकांना विचारून ठेवलेलं बरं.

स्काऊट-गाईड : ज्या शाळेत पथक आहे तिथं प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी चढती शिडी असते. यात सेवेचं काम नोंदवहीत लिहायची सवय लहानपणापासून लागते. हीच सवय पुढं कामाला येते.

कॉलेजला गेल्यावर काय?

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांसाठी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झालं. या विद्यापीठाच्या कॉलेजांत समाजसेवेचा सरळ रस्ता म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आपल्या भाषेत 'एनएसएस'.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. नियम साधा आहे. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत २४० तास, आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबीर. गावात शिबिराला आलेली पोरं सकाळी श्रमदान करताना आणि संध्याकाळी पथनाट्य करताना तुम्ही पाहिली असतील. ती हीच.

दोन वर्षं पूर्ण करून चांगलं काम करणाऱ्या स्वयंसेवकांना कॉलेज, विद्यापीठ, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर पुरस्कार असतात. राष्ट्रीय पुरस्कार १९९३-९४ पासून दिले जातात. त्यात निवडलेल्या स्वयंसेवकाला १ लाख रुपये, रौप्यपदक आणि प्रमाणपत्र मिळतं. इथं मात्र परस्पर अर्ज चालत नाही. कार्यक्रम अधिकारी, कॉलेज, विद्यापीठ, राज्य अशा क्रमानं प्रस्ताव वर जातो. म्हणून पहिल्या वर्षीच कार्यक्रम अधिकाऱ्यांना सांगून ठेवायचं की आपली नोंद नीट ठेवायची आहे.

कलेची आवड असणाऱ्यांसाठी विद्यापीठाचा युवक महोत्सव असतो. तिथून निवड झालेली मुलं राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवापर्यंत जातात. खेड्यातल्या कॉलेजची पोरं लोककला, एकांकिका, वक्तृत्व यांत मागं पडण्याचं काहीच कारण नाही. मागं पडतात ती नाव नोंदवायची तारीख चुकल्यामुळं.

शिक्षण सुटलं असेल तरी?

तरीही दार बंद नाही. राज्य सरकारच्या युवा धोरणानुसार जिल्हा युवा पुरस्कार दिला जातो. वयाची अट १३ ते ३५. दरवेळी जिल्ह्यातून एक युवक, एक युवती आणि एक संस्था निवडली जाते. युवक आणि युवतीला प्रत्येकी १० हजार, संस्थेला ५० हजार रुपये, सोबत गौरवपत्र आणि सन्मानचिन्ह. त्याच्या वरचा राज्य युवा पुरस्कार व्यक्तीसाठी ५० हजारांचा आहे. अर्जदार जिल्ह्यात सलग पाच वर्षं राहणारा पाहिजे. सरकारी, निमसरकारी नोकरदारांना आणि प्राध्यापकांना अर्ज करता येत नाही. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळतो. सूचना पेपरात येते, पण छोट्या कोपऱ्यात. त्यामुळं वर्षातून एकदोनदा स्वतः चौकशी करावी.

एक युवती म्हणजे पूर्ण जिल्ह्यातून एक जागा खास मुलींसाठी आहे. बचत गटाच्या बायकांना मोबाईलवरून पैसे पाठवायला शिकवणाऱ्या, बालविवाह थांबवण्यासाठी घरोघर जाणाऱ्या मुली आपल्याकडे आहेत. त्यांच्या घरच्यांनीच हा अर्ज भरायला पुढं यावं.

लिहिणाऱ्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. पहिलं पुस्तक काढायला त्यातून मदत होते. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत पहिल्याच पुस्तकासाठी वेगळे पुरस्कार आहेत. पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरी यांच्या नावानं दिला जातो. आणि ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे. लातूरच्या शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरचे देविदास सौदागर यांना २०२४ साली तो 'उसवण' या कादंबरीसाठी मिळाला. ते स्वतः शिवणकाम करत होते आणि कादंबरीही एका शिंप्याच्या जगण्यावरच आहे. हातात पदवी किती, यापेक्षा लिहिलेलं किती खरं, हे तिथं पाहिलं गेलं.

निवड करणारे नेमकं काय बघतात?

बहुतेक ठिकाणी तीन प्रश्न असतात.

पहिला, काम किती दिवस चाललं? एका दिवसाचं वृक्षारोपण हा कार्यक्रम झाला. तीच झाडं दोन उन्हाळे घागरीनं पाणी घालून जगवली, तर ते काम झालं. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खड्डा खणण्यापेक्षा झाड जगवणं अवघड, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

दुसरा, त्यानं काय बदललं? आधी काय होतं आणि आता काय आहे, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे.

तिसरा, त्यात मुलाचा स्वतःचा वाटा किती? बापानं खर्च केला, सरांनी काम केलं आणि मुलगा फोटोला उभा राहिला, तर ते मुलाखतीत दोन मिनिटांत उघडं पडतं.

समजा, निलंगा तालुक्यातल्या एका गावात नववीतली एक मुलगी संध्याकाळी ऊसतोडीहून परतलेल्या घरांतल्या मुलांचा अभ्यास घेते. अर्जात 'मी गरीब मुलांना शिकवते' एवढंच लिहिलं तर ते वाऱ्यावर जातं. आता हेच असं लिहा : कोणत्या महिन्यापासून, आठवड्यातून किती दिवस, किती मुलं, सुरुवातीला किती जणांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती, आता किती जणांना येतात, किती जण पुन्हा शाळेत जायला लागली. काम तेच, पण आता ते समोरच्याला दिसतं.

नोंदवही : दहा रुपयांची वही, सगळ्यात मोठा पुरावा

यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. एक साधी वही घ्या आणि या गोष्टी सुरू करा.

१. प्रत्येक कामाची तारीख, जागा, वेळ, काय केलं, सोबत कोण होतं, हे चार ओळींत लिहा. त्याच दिवशी लिहा. नंतर आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

२. महिन्यातून एकदा त्या पानावर शिक्षक, मुख्याध्यापक, ग्रामसेवक किंवा अंगणवाडी ताईंची सही आणि शक्य असेल तर शिक्का घ्या. वर्षाच्या शेवटी एकदम सह्या मागायला गेलं की लोक टाळाटाळ करतात.

३. फोटो आधीचा आणि नंतरचा, एकाच जागेवरून काढा. हारतुऱ्यांचे फोटो कमी, कामाचे जास्त. लहान मुलांचे फोटो काढताना त्यांच्या आईबापांना विचारा.

४. फोटो फक्त व्हॉट्सअपवर ठेवू नका. फोन बदलला की सगळं जातं. ईमेलवर किंवा गुगल ड्राईव्हवर टाकून ठेवा.

५. पेपरातलं कात्रण असेल तर त्यावर पेपरचं नाव आणि तारीख लिहून झेरॉक्स काढा.

६. ग्रामसभेत त्या कामाचा उल्लेख झाला तर तो इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा आणि नक्कल मागा. हा पुरावा फार वजनदार असतो आणि त्याकडे कुणाचं लक्षच नसतं.

७. आधार, जन्मदाखला, बोनाफाईड, रहिवासी दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे आताच बघून घ्या. शेवटच्या दिवशी अर्ज अडतो तो बऱ्याचदा इथंच.

अर्जात लिहिताना मोठमोठे शब्द टाळा. 'समाजाप्रती अतूट बांधिलकी' असली वाक्यं निवड करणाऱ्यांनी हजारदा वाचलेली असतात. मुलानं स्वतःच्या भाषेत, मराठीत आधी लिहावं. मग शिक्षकांनी फक्त चुका दुरुस्त कराव्यात.

'अभ्यास सोडून हे कशाला?'

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. लातूर पॅटर्ननं दहावी-बारावीच्या निकालात राज्यात नाव कमावलं. नांदेडही आता नीटच्या तयारीचं मोठं केंद्र झालं आहे. शेत गहाण टाकून पोरांना क्लासला पाठवणारे आईबाप 'सेवा नंतर कर, आधी मार्क आण' म्हणतात, तर त्यांचं चुकतं असंही नाही. एका मार्कानं सीट जाते, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

पण हिशोब करून बघा. एनएसएसचे वर्षाचे १२० तास म्हणजे दिवसाला सरासरी २० मिनिटं. शाळेतल्या मुलानं आठवड्यातून दोन तास दिले, तरी वर्षभरात शंभर तास होतात. मोबाईलवर रील बघण्यात याच्यापेक्षा जास्त वेळ जातो, हे घरोघरी माहीत आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला पाहिजे. पुरस्कार मिळाला म्हणून मेडिकलची सीट मिळत नाही, नोकरीही लागत नाही. तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण चार लोकांसमोर बोलायचं कसं, सरकारी कार्यालयात जाऊन काम करून घ्यायचं कसं, दहा जणांना एकत्र बांधायचं कसं, हे या कामात शिकायला मिळतं. मुलाखतीत, बँकेत, पुढं स्वतःच्या धंद्यात हे लागतंच. शिवाय झाडं जगली, मुलं वाचायला लागली, हा फायदा तर पुरस्कार न मिळाला तरी गावाकडेच राहतो.

सावधान : पैसे भरून मिळतो तो पुरस्कार नव्हे

गेल्या काही वर्षांत एक धंदा वाढला आहे. फोन येतो, 'तुमच्या मुलीची राष्ट्रीय गौरव पुरस्कारासाठी निवड झाली आहे. नोंदणी फी भरा.' मग दोन-तीन हजार रुपये, वर हॉलचा खर्च, ट्रॉफीचा खर्च, फोटोचा खर्च. शेवटी हातात एक चकचकीत ट्रॉफी येते. तिला सरकारदरबारी कवडीचीही किंमत नसते.

ओळखायचं कसं? अर्ज केलेला नसताना निवड झाली म्हणत असतील, तर संशय घ्या. पैसे मागितले, तर तिथंच थांबा. प्रधानमंत्री बाल पुरस्काराच्या अर्जाला एक रुपयाही फी नाही. सेवा केंद्रावर फॉर्म भरून घेतला तर तिथल्या कामाचे काय पैसे होतील तेवढेच. नावात 'भारत', 'राष्ट्रीय', 'आंतरराष्ट्रीय' असले शब्द आहेत म्हणून ते सरकारी होत नाही. ओटीपी किंवा बँकेची माहिती कुणालाही देऊ नका. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

आणि शौर्याबद्दल एक विनंती. एजाज आणि कामेश्वर यांनी जे केलं ते पुरस्कार डोळ्यासमोर ठेवून केलं नव्हतं. नदी, विहीर, शेततळ्यात कुणी बुडत असेल तर पोहता न येणाऱ्या मुलानं उडी मारू नये. दोर, लांब काठी, साडी किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेकावा आणि ओरडून मोठ्या माणसांना बोलवावं. आपल्या पोरांना हे आजच सांगा.

या महिन्यात काय कराल?

पालकांनी : मुलाला एक वही आणून द्या आणि तो गावासाठी काय करतो ते एकदा बसून विचारा.

शिक्षकांनी : शाळेतल्या कोणत्या मुलाचं काम वर्षभर टिकलंय, याची यादी करा. इन्स्पायर, कला उत्सव आणि चित्रकला परीक्षेच्या तारखा फलकावर लावा.

ग्रामपंचायतीनं : पुढच्या ग्रामसभेत गावातल्या अशा मुलामुलींची नावं घेऊन ती इतिवृत्तात नोंदवा. एका नारळात आणि चार ओळींच्या ठरावात हे काम होतं.

तरुणांनी : जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जिल्हा युवा पुरस्काराची पुढची तारीख विचारून या आणि ती गावाच्या ग्रुपवर टाका. जिल्ह्यातून एक युवक आणि एक युवती निवडायची असते. त्या वेळी तुमच्या तालुक्यातून एकही अर्ज गेला नाही, असं होऊ देऊ नका.